गिनीच्या पिल्लांना परतीचं वळण लावताना

पहिल्या वर्षी आम्ही गिनी कोंबडीची 14 पिल्लं आणली. ती सात आठवड्यांची झाली तशी एका सकाळी खोलीचं दार सताड उघडलं. दिवसभर ती संत्र्याच्या ओळींमधून चरत फिरली. गवतातले नाकतोडे टिपताना त्यांना बघून फार बरं वाटलं. संध्याकाळी टोपल्यात कणी घेऊन मी "या, या" करत निघाले, तर ती मान उंच करून माझ्याकडे बघत नाल्याच्या दिशेनं पळत सुटली. अंधार पडला तेव्हा 12 पिल्लं नाल्याकाठच्या निंबावर बसली होती, दोन कुठं गेली ते कळलंच नाही. आमच्या सालदार (सालानं कामाला असलेल्या) भाऊंनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हे पाखरं आता काही खाली येत नाही. सकाळी पाहू." सकाळी निंबाखाली ठिपक्यांच्या पिसांचा सडा पडला होता. वर नऊ उरली होती. पुढच्या पंधरा दिवसांत चारच राहिली.

चूक त्या सकाळची होती असं मला तेव्हा वाटलं. खरी चूक त्याआधीच्या सात आठवड्यांची होती. गिनीला माणसाची ओढ नसते. तिला ओढ असते ती तिच्या थव्याची आणि ज्या जागेवर ती रोज झोपली त्या जागेची. ही जागा तिच्या अंगात पुरती मुरली नसेल तर कितीही हाका मारा, ती परतत नाही. मुरली असेल तर हाक न मारताही येते. म्हणून परतीचं काम दार उघडण्याच्या दिवशी सुरू होत नाही, त्या दिवशी ते जवळजवळ संपलेलं असतं. त्यानंतरच्या तिन्ही खेपांना आम्ही हे धरून चाललो आणि संध्याकाळी झाडावर राहिलेली पाखरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली.

नागपूरच्या आजूबाजूला, कळमेश्वर, काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड या पट्ट्यात ज्यांचं वावर किंवा बाग आहे, त्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहिते आहे. शहरातल्या घराच्या गच्चीवर किंवा ले-आऊटमधल्या प्लॉटवर गिनी पाळू नका. तिचा आवाज शेजाऱ्यांना सोसवत नाही आणि तिला फिरायला जागा लागते ती वेगळीच.

पिल्लं कोणत्या महिन्यात आणावी

गिनी अंडी देते ती मुख्यतः उन्हाळा आणि पावसाळ्यात, त्यामुळे पिल्लंही त्याच काळात मिळतात. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी असे तीन वाण तयार केले आहेत. आपल्याकडे जास्त दिसते ती काळपट राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेली. मोकळं फिरवायचं असेल तर मी हीच घेईन. पांढरं पाखरू घारीला आणि शिक्र्याला लांबून दिसतं.

मार्चमध्ये पिल्लं आणली तर ती सोडण्याजोगी होतात ऐन मे महिन्यात. तेव्हा आपल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात असतो, वावरात हिरवं पान नसतं, किडा नसतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर मोठी पाखरंसुद्धा चोच उघडी टाकून सावलीला पडून असतात. जूनमध्ये आणली तर पिल्लं अंगावर पिसं यायच्या आत ओलीत सापडतात. माझ्या मते ऑगस्टचा पहिला आठवडा सगळ्यात सोयीचा. पहिले सहा आठवडे छपराखाली जातात, पुढचे चार-पाच खुराड्यात, आणि दार उघडायची वेळ येते ती ऑक्टोबरच्या मध्यावर. पाऊस ओसरलेला असतो, गवत वाळायला लागलेलं असतं, किडा-नाकतोडा भरपूर असतो आणि सोयाबीन निघून वावर उघडं झाल्यानं पाखरं लांबूनही नजरेत राहतात. दिवाळीचा आठवडा मात्र पहिल्या सोडणुकीसाठी धरू नका. एका लडीच्या आवाजानं महिनाभराची मेहनत पाण्यात जाते.

पिल्लं दहापेक्षा कमी आणू नका. गिनी थव्याचा जीव आहे. चार-पाच पाखरांचा थवा सतत बिथरलेला असतो आणि त्यातलं एक गेलं की उरलेली भरकटतात.

पहिले सहा आठवडे

गिनीचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा चपळ असतं आणि ओलीला फार लवकर मान टाकतं. एवढी एक गोष्ट सोडली तर सांभाळायला अवघड नाही. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंशांची ऊब हवी, पुढं दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करायची. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच जास्त सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली की थंडी वाजते आहे, कडेला जाऊन पंख पसरून बसली की गरम होतं आहे, सगळीकडे पांगून टिपत असली की बरोबर. तळाशी गुळगुळीत कागद अंथरू नका, पाय फाकतात आणि पिल्लू जन्माचं लंगडं होतं. जुनं सुती पोतं किंवा धानाचा कोंडा चालतो. पाण्याची ताटली उथळ हवी आणि तिच्यात गोटे टाकायचे, नाहीतर पिल्लं बोटभर पाण्यातही बुडून मरतात.

खाद्यात सुरुवातीचा महिनाभर 24 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबड्यांच्या अगदी लहान पिल्लांचं तयार खाद्य) त्याच्या जवळ जातं, पण पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय घेऊ नका. त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असेल तर ते पोतं परत करा. कोंबडीला चालणारं हे औषध गिनीचा जीव घेतं. दुकानदाराला हे माहीत असेलच असं नाही. सोबत उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) देत जा.

आता वळणाचा पहिला धडा, आणि तो पहिल्या दिवसापासून द्यायचा. एक पत्र्याचा डबा घ्या, त्यात मूठभर बाजरी टाका. रोज संध्याकाळी एकाच वेळी तो डबा खळखळ वाजवायचा, तोंडानं एकच हाक द्यायची आणि थोडी बाजरी पिल्लांसमोर टाकायची. पहिल्या दिवसांत बाजरी भरडून द्या आणि सोबत चिमूटभर बारीक रेती ठेवा, म्हणजे दाणा पचतो. ही बाजरी दिवसात दुसऱ्या कुठल्याही वेळी द्यायची नाही. डबा दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वाजवायचा नाही. घरात लेकरं असतील तर त्यांना हे नीट समजावून सांगा. आमच्याकडे धाकटीनं पाहुण्यांना गंमत दाखवायला चार दिवस भरदुपारी डबा वाजवला, तर पाखरं संध्याकाळी मान वळवेनाशी झाली. पुन्हा सवय लागायला दोन आठवडे गेले. वाजवणारा माणूस बदलला तरी चालतो, डबा आणि हाक बदलायची नाही.

पिल्लांना उचलायची वेळ आली तर पायाला धरू नका. कोंबडीला धरतो तसं गिनीला पायाला लटकवलं की तिचा पाय निखळतो. दोन्ही पंखांसकट अंगाला धरायचं.

खुराडं असं हवं की तिथं यावंसं वाटेल

सहाव्या आठवड्यानंतर, अंगावर पुरती पिसं आली की पिल्लं त्यांच्या कायमच्या घरात न्यायची. कायमच्या हा शब्द महत्त्वाचा आहे. आधी कोठ्यात (गोठ्यात), मग पडवीत, मग नव्या खुराड्यात अशी फिरवाफिरव केली तर त्यांना घर कोणतं तेच कळत नाही.

वीस पाखरांसाठी 10 फूट बाय 8 फुटांचं छप्पर आणि त्याला लागून तेवढंच किंवा त्याहून मोठं जाळीचं अंगण पुरे. वरूनही जाळी हवी. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. चेनलिंकच्या भोकांतून मुंगूस सरळ आत येतो. तो उकरूनही येतो, म्हणून जाळी जमिनीत फूटभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवायची. खाली तुरीचं किंवा सोयाबीनचं कोरडं कुटार (भुसा) चार बोटं जाड अंथरा आणि ओलं झालं की काढून टाका. पाण्याचं भांडं कुटारावर न ठेवता विटांवर ठेवा.

आमच्या पहिल्या खुराड्यात तीन गोष्टी चुकल्या होत्या. तिन्ही परतीशी जोडलेल्या आहेत, म्हणून त्या जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट उजेडाची. गिनी अंधाऱ्या जागेत पाय टाकत नाही. बाहेर संधिप्रकाश आणि आत काळोख असेल तर ती दारापर्यंत येते, मान आत घालते आणि मागं फिरते. मग जवळचं झाड गाठते. आत एक साधा एलईडी बल्ब लावा, बाहेर अंधारू लागायच्या अर्धा तास आधी तो चालू करा आणि सगळी दांडीवर बसल्यावर बंद करा. आमच्या भागात नेमकी संध्याकाळीच लाइन जाते, म्हणून आम्ही चार्जिंगचा दिवा टांगून ठेवला आहे. छप्पर टिनाचं असेल तर एक पत्रा पारदर्शक टाका.

दुसरी गोष्ट बसायच्या दांडीची. गिनी जिथं सगळ्यात उंच जागा मिळेल तिथं झोपते. आत दोन फुटांची दांडी आणि बाहेर वीस फुटांचा निंब असेल तर ती निंबच निवडणार. दांडी चार-पाच फुटांवर हवी, मनगटाएवढ्या जाडीची, सगळ्या दांड्या एकाच उंचीवर. एक वर एक खाली असल्या तर वरच्या जागेसाठी रोज मारामारी होते आणि हरलेलं पाखरू बाहेर राहतं.

तिसरी गोष्ट दाराची. कोंबडी लहानशा झरोक्यातून वाकून आत जाते, गिनी जात नाही. दार चांगलं तीन-चार फूट रुंद ठेवा. शिवाय बाहेरून आलेल्या गिनीला आतली पाखरं जाळीतून दिसतात आणि ती जाळीशीच येरझाऱ्या घालत बसते. वळसा घालून दाराशी जावं हे तिला उमगत नाही. आम्ही दार अंगणाच्या कोपऱ्यात केलं आणि त्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला तुराट्यांची दहा-बारा फुटांची तिरपी ताटी उभी केली. आता येरझाऱ्या घालणारं पाखरू जाळी आणि ताटी यांच्या बेचक्यात शिरतं आणि आपोआप दारातून आत जातं. काहीच खर्च नाही, पण या एका ताटीनं आमच्या संध्याकाळच्या अर्ध्याअधिक धावपळीला विराम दिला.

दार लावून ठेवायचे आठवडे

नव्या घरात आल्यावर कमीत कमी चार, जमलं तर सहा आठवडे त्यांना बाहेर सोडायचं नाही. हा काळ जड जातो. पाखरं जाळीला चोची मारतात, तुम्हाला दया येते, भेटायला आलेले लोक म्हणतात कशाला कोंडून ठेवलं. तरी थांबा. जाळीतून त्यांना वावर, विहीर, गोठा, आंब्याचं झाड, येणारी-जाणारी माणसं सगळं रोज दिसत असतं आणि आपलं घर कुठं आहे याचा नकाशा त्यांच्या डोक्यात तयार होत असतो. म्हणूनच अंगण चहूबाजूंनी उघडं दिसणारं हवं, भिंतीआड बांधलेलं नको.

या आठवड्यांत कुत्र्याला रोज साखळीला धरून जाळीजवळ बसवा, म्हणजे दोघांनाही एकमेकांची सवय होते. संध्याकाळचा डबा आता अंगणात न वाजवता छपराखाली वाजवा. पाखरांनी बाहेरच्या अंगणातून आतल्या खोलीत पळत यायला हवं. मी रोज एक गोष्ट बघते. डबा वाजल्यापासून शेवटचं पाखरू आत येईपर्यंत किती वेळ लागला? पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं लागायची. चौथ्या आठवड्याच्या शेवटी डबा हातात घेतला, वाजवलाही नाही, तरी सगळी दारात उभी असायची. असं सलग आठ दिवस झालं की समजायचं, पाखरं तयार आहेत. आठवडे मोजण्यापेक्षा ही खूण धरा. गेल्या खेपेला ती पाचव्या आठवड्यात दिसली, त्याआधीच्या खेपेला सातव्या.

बाजरीहून मोठं आमिष हवं असेल तर वाळवी. मातीच्या जुन्या मडक्यात ओलसर शेण आणि कुटार भरा आणि बागेत जिथं वाळवी आहे तिथं पालथं घालून ठेवा. दोन-तीन दिवसांत ते वाळवीनं भरतं. संध्याकाळी खुराड्यात नेऊन झटकलं की पाखरं एकमेकांच्या अंगावरून उड्या मारतात. संत्र्याच्या झाडांचाही थोडा त्रास कमी होतो.

पहिली सोडणूक

दिवस निवडा तो वारा-पावसाचा नको, फवारणीचा नको, घरात कार्यक्रम असलेला नको. त्या दिवशी दुपारनंतर खाद्य देऊ नका, पाणी मात्र ठेवा. ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेचारच्या आधी दाराला हात लावायचा नाही. म्हणजे बाहेर राहायला जेमतेम सव्वा तास मिळतो, आणि त्या वेळी पोटात भूक असते.

फक्त एक पाखरू सोडायचं. बाकीची सगळी आत. आत राहिलेली पाखरं म्हणजे खुंटा. गाय कितीही लांब गेली तरी दाव्याच्या लांबीएवढीच जाते, तसं बाहेरचं एकटं पाखरू आतल्यांच्या आवाजापलीकडे जात नाही. आमच्याकडे पहिल्यांदा सोडलेल्या मादीचं आजही डोळ्यासमोर आहे. दाराबाहेर तीन पावलं गेली, थबकली, मान ताणून चारी बाजूंना बघितलं. मग एकदम तिच्या लक्षात आलं की आपण एकट्या आहोत. जाळीला छाती घासत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागली आणि मादीची ती दोन तुकड्यांची हाक सुरू झाली, "पट्-ट्रॅक, पट्-ट्रॅक". आतून सगळ्यांनी उत्तर दिलं. पाऊण तास हे चाललं. एक किडासुद्धा तिनं टिपला नाही. साडेपाचला दिवा लावला, डबा वाजवला, आणि ती ताटीच्या बेचक्यातून दारात आली तेव्हा चोच उघडी होती, अंग थरथरत होतं. आत गेल्यावर ती थव्याच्या अगदी मधे घुसली. तो सव्वा तास तिला जे शिकवून गेला ते मी वर्षभर ओरडून शिकवू शकले नसते.

दुसऱ्या दिवशी दुसरं एक पाखरू. तिसऱ्या दिवशी दोन. असं करत प्रत्येकाला एकदा तरी एकटं किंवा जोडीनं बाहेर राहण्याचा अनुभव द्या. ओळखायला पायात रंगीत प्लास्टिकच्या सैल कड्या घाला, नाहीतर सगळी सारखीच दिसतात. आठवड्यानंतर निम्मी सोडायची, निम्मी आत. आज बाहेर गेलेली उद्या आत. पुढचे पाच-सहा दिवस तीन-चार आत ठेवून बाकी सगळी. आणि मग एका संध्याकाळी सगळी. घाई होते ती नेमकी इथं, कारण तोवर सगळं सुरळीत चाललेलं असतं. एक पायरी गाळली तर मोडतं ते या शेवटच्या पायरीलाच, कारण आत बोलावणारं कुणीच उरलेलं नसतं.

पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एक नियम: बाहेर असताना त्यांच्या मागं धावायचं नाही. गिनी धावणाऱ्या माणसाला शिकारी समजते. वळवायची असतील तर दोघांनी लांब काठ्या आडव्या धरून, बोलत-बोलत, हळू मागून चालायचं. काठी म्हणजे तुमचा लांबलेला हात. डावीकडची काठी थोडी पुढं केली की थवा उजवीकडे वळतो. सालदार भाऊ आता एकट्यानं वीस पाखरं अशी आणतात, बकऱ्या हाकल्यासारखी.

दिवस लांबवत नेणं

सगळी पाखरं सलग आठवडाभर आपापली परतली की दार रोज अर्धा-पाऊण तास लवकर उघडा. महिन्याभरात दिवसभराची मोकळीक देता येते. सकाळी दव सुकल्याशिवाय सोडू नका, आणि सकाळचं खाद्य थोडंच द्या. पोटभर दाणा द्यायचा तो संध्याकाळी, घरात, दिव्याखाली. हे उलटं झालं की परतायचं कारणच संपतं. वावरात, उकिरड्यावर, खळ्यात दाणे सांडलेले नसावेत. खळ्यावर ज्वारीची रास असलेल्या आठवड्यात आम्ही पाखरं आतच ठेवतो.

इथं एक बारीक गोष्ट आहे, ती पहिल्या वर्षी मला कळलीच नव्हती. आपण घड्याळ बघतो, पाखरं सूर्य बघतात. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, जूनच्या अखेरीस सातच्या सुमारास. दीड तासाचा फरक आहे. डबा बारा महिने सहाला वाजवला तर थंडीत पाखरं तोवर झाडावर चढलेली असतात आणि उन्हाळ्यात त्यांना अजून दोन किडे टिपायचे असतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ही वेळ धरा आणि दर पंधरवड्याला ती थोडी सरकवत जा.

मादी अंड्यावर आली की, साधारण मार्चनंतर, दार दुपारी बारानंतरच उघडा. नाहीतर ती कुंपणाच्या काट्यात, पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडांच्या) ढिगाखाली खोपा करते आणि तिथंच बसून राहते. रात्री उघड्यावर बसलेली मादी मुंगसाच्या, रानमांजराच्या किंवा कुत्र्यांच्या तोंडी जाते. आमच्या गेलेल्या मोठ्या पाखरांत निम्म्याहून जास्त अशाच माद्या होत्या.

पंख कातरावे का, असं बरेच जण विचारतात. मोकळ्या फिरणाऱ्या पाखरांचे मी कातरत नाही. कातरलेल्या पंखानं ती कुंपणाबाहेर जाणं थोडं कमी होतं, पण कुत्रं आलं की उडून जीव वाचवण्याची तिची एकमेव वाट बंद होते.

झाडावर बसलीच तर

एक-दोन पाखरं झाडावर राहिली तर त्या रात्री दगड मारू नका, फांदी हलवू नका. अंधारात उठवलेली गिनी कुठंही धडकते आणि पार लांब जाऊन पडते. झाड लहान असेल आणि हाताला येण्याजोगं असेल तर पुरता अंधार पडल्यावर शिडी लावून, टॉर्च बंद ठेवून, पंखांसकट अलगद धरून आणा. अंधारात ती हालत नाही. उंच असेल तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी ते पाखरू खुराड्यात आलं की आठ दिवस आत ठेवा आणि पुन्हा निम्म्याच्या पायरीपासून सुरू करा. त्या झाडाची खालची फांदी छाटून टाका, कारण चढायची सुरुवात तिथूनच होते. अख्खा थवा वर गेला तर दुसऱ्या दिवशी दुपारचं खाद्य बंद, आणि दिवा, दांडी, दार या तीन गोष्टी पुन्हा तपासा. दर वेळी त्यांतलीच एखादी बिघडलेली सापडली आहे. एकदा दाराजवळ निळी ताडपत्री वाळत घातली होती, तेवढ्यानं सगळी बिचकली होती.

सगळ्यात सोपी वाट गावरान कोंबडीची. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली गिनीची बारा-पंधरा अंडी ठेवायची. तिची स्वतःची अंडी 21 दिवसांत फुटतात, गिनीच्या अंड्यांना 26 ते 28 दिवस लागतात, म्हणून शांत आणि चिवट कोंबडी निवडा. पिल्लं तिच्यामागून रोज संध्याकाळी खुराड्यात शिरतात आणि मोठी झाली तरी ती सवय टिकते. गिनी स्वतः आई म्हणून चांगली नाही. पिल्लांना पहाटेच्या ओल्या गवतातून ओढत नेते आणि निम्मी वाटेत मरतात. दहा अंडी मिळत असतील आणि खुडूक कोंबडी घरात असेल तर मी बल्ब-डब्याच्या भानगडीत पडणारच नाही.

फवारणी

आपल्या भागात मोकळ्या पाखराला शिकाऱ्याइतकाच मोठा धोका फवाऱ्याचा आहे. कापसावर, तुरीवर, संत्र्यावर फवारा पडला की मेलेले, अर्धमेले किडे जमिनीवर पडतात आणि गिनी तेच आधी वेचते. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं बियाणं वर राहिलं तर तेही. उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या तर आहेतच. आपल्या वावरात फवारणी असेल तेव्हा डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत पाखरं आत ठेवा. धुऱ्यापलीकडच्या (बांधापलीकडच्या) शेतकऱ्याला आधीच जाऊन भेटा, "काका, फवारणीच्या आदल्या दिवशी एक फोन करा" एवढं सांगून ठेवा. आमचे शेजारी काका आता न चुकता सांगतात. पहिल्या वर्षी आम्ही विचारलं नव्हतं आणि एका दुपारी तीन पाखरं त्यांच्या पऱ्हाटीत पडलेली सापडली. दोष त्यांचा नव्हता.

एकाहून जास्त पाखरं एकदम मेली तर पुरून टाकण्याची घाई करू नका. हातमोजे घालून, पिशवीत गुंडाळून लवकरात लवकर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. विष की रोग हे कळल्याशिवाय उरलेल्यांना वाचवता येत नाही.

रात्री दार लावताना मोजायचं. रोज, न कंटाळता. दांडीवर बसलेली पाखरं दिव्याच्या उजेडात दोनदा मोजा, कडीवरच्या पाटीवर खडूनं आकडा लिहा, मग दिवा बंद करा. एक कमी भरलं तर दार लगेच लावू नका. दिवा चालू ठेवून दारापासून लांब बसा आणि ऐका. मागं राहिलेलं पाखरू बहुतेक वेळा काळोख पडायच्या आत धुऱ्यावरून हाक देत येतं, आणि आतली त्याला उत्तर देत असतात.